इथे नको, बागेत बोलू

कुसुम,

काल तुझं तेरावं झालं. अळूची भाजी बरी होती, जिलबी मऊ पडली होती, आणि फोटोला घातलेला हार इतका जाड होता की तुझी हनुवटी दिसेना. फोटोही तुला न आवडणारा, चष्म्यातला. माझ्या मिलिंदने तुझ्या ऑफिसच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. दुसरा आणणार कुठून? कॅमेरा समोर आला की तू चष्मा काढून पदराखाली धरायचीस. त्यामुळे घरातल्या बाकीच्या सगळ्या फोटोंत डोळे बारीक केलेली तू लांबून येणारं माणूस ओळखू पाहणाऱ्या बाईसारखी दिसतेस.

आपल्या ज्ञातीच्या त्रैमासिकाचे संपादक आले होते. नणंदेबद्दल चार शब्द लिहून द्या म्हणाले. सोबत एक कागदही दिला: जन्म, शिक्षण, नोकरी, छंद. छंदापुढे मिलिंद लिहायला निघाला होता, ‘बागा पाहणे’. मी कागद काढून घेतला. तुझा जन्म आणि तुझी नोकरी तुला मी काय सांगणार? आणि आपण बागा पाहायला जायचो, हा समज आपणच पंचावन्न वर्षं जगात पसरवला होता. आपण बागेत भांडायला जायचो, हे फक्त आपल्या दोघींना माहीत. आता एकटीलाच.

त्याची सुरुवात माझ्या मोरपंखी साडीने झाली. लग्न होऊन मला दोन महिने झाले होते. मी दादरची, वीस वर्षांची, घरी गच्ची असलेली. गच्चीचा उल्लेख दिवसातून तीनदा तरी करायचे. फणसवाडीतल्या तुमच्या दोन खोल्या, त्यांत आठ माणसं, आणि मधली भिंत अशी की शेजारच्या काकूंनी पोळी उलटली तरी आपल्याला कळावं. या सगळ्यावर उपकार करायला आपण आलो आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आता ती पोरगी मला कुठे भेटली तर मी तिच्या दोन्ही वेण्या खिडकीच्या गजाला बांधून ठेवीन.

तू माझी साडी न विचारता ऑफिसला नेसून गेलीस आणि शाईचा डाग घेऊन आलीस. मी आवाज चढवायला तोंड उघडलं, तर तू सरळ माझ्या तोंडावर हात ठेवलास. म्हणालीस, “वहिनी, इथे नको. काकूंनी कान लावलाय. बागेत चल, तिथे काय बोलायचं ते बोल.”

आईंना, म्हणजे तुझ्या आईला आणि माझ्या सासूबाईंना, भाजी आणायला जातो असं सांगून आपण निघालो. चर्नी रोड स्टेशनजवळच्या बागेत बाकावर बसलो आणि मी तासभर तुला बोलले. तूही सोडलं नाहीस. माझ्या गच्चीचं नाव घेऊन असं काही म्हणालीस की ते त्रैमासिकात छापता येणार नाही. मग घसे सुकले, दोघींनी मीठ लावलेली काकडी खाल्ली, आणि परत येताना भाजी घ्यायला विसरलो. आईंची बोलणी खाताना आपण एकाच बाजूला उभ्या होतो, हे माझ्या लक्षात आलं. त्या घरात मी पहिल्यांदा हसले ती त्या संध्याकाळी.

तिथून आपले नियम ठरले. घरात भांडायचं नाही. बागेपर्यंत जाताना रस्त्यात विषय काढायचा नाही. आणि बागेतलं बागेत. फाटकाबाहेर काही न्यायचं नाही. तू हे नियम ऑफिसच्या परिपत्रकासारखे पाळलेस. मी त्यातले दोन पाळले.

भांडण लहान असेल तर चर्नी रोड. मधलं असेल तर बसने हँगिंग गार्डन. आईंबद्दल काही असेल तर मात्र थेट राणीची बाग, कारण तिथे माकडं आणि पोपट इतके ओरडतात की आपला आवाज त्यात खपून जायचा. माहेरचा विषय निघाला की मी तुला माटुंग्याच्या पाच बागांत ओढायचे, माझं मैदान म्हणून, आणि तिथेही तू जिंकायचीस. पुढे तू निवृत्त झालीस तेव्हा तर आपण बोरिवलीच्या जंगलापर्यंत मजल मारली. तिथे गेल्यावर भांडायचं कशावर तेच आठवेना, म्हणून पुरीभाजी खाऊन आलो.

भांडण संपलं की तू झाडं बघायचीस. झाडाला पाटी असेल तर इंग्रजीतलं अवघड नाव मोठ्याने वाचायचीस, एकदा नव्हे, पाठ होईपर्यंत. पाटी नसेल तर माळ्याला शोधून काढायचीस. मी तोवर खाली पडलेली फुलं, बिया, सापडेल ते पर्समध्ये भरायचे. बागेतलं पडलेलं फूलसुद्धा बागेचंच, असं तुझं म्हणणं. पडलं म्हणजे ते सुटलं, आता ज्याला सापडेल त्याचं, असं माझं. हे भांडण आपलं मिटलं नाही. गेल्या दिवाळीतही राणीच्या बागेत कैलासपतीचं फूल मी पर्समध्ये टाकलं आणि तू फाटकाशी पहारेकऱ्याला सांगितलंस, यांची पर्स तपासा. तो बिचारा आपल्या दोघींच्या वयाकडे बघून मागे सरला.

चाळ पाडली आणि नवी इमारत झाली. आता आपण अकराव्या मजल्यावर, चार खोल्या, प्रत्येक खोलीला दार. माझी सून प्राची एकदा हसून म्हणाली की आता भिंती जाड आहेत, घरात कोणी भांडलं तरी हरकत नाही. तू तिला गंभीरपणे सांगितलंस, “घरात भांडलं की ते घरात राहतं गं.”

मी तेव्हा खाली मान घालून मटार सोलत होते. कारण घरात राहिलेलं एक माझ्याकडे होतं, पंचावन्न वर्षांचं. ते मी तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि आता कागदावर लिहिते आहे. हे लोक वाचतील. तू नाही.

परळच्या मास्तरांची गोष्ट, कुसुम.

आपल्याकडे तेव्हा मुलगी बघण्याचा कार्यक्रम दोन खोल्यांत व्हायचा, म्हणजे काय व्हायचा, सगळी वाडी जिन्यात उभी. मुलामुलीला दोन शब्द बोलायचे असतील तर त्यांना हँगिंग गार्डनला पाठवायचे आणि सोबत एक वहिनी द्यायची. तुझ्या वेळी ती वहिनी मी होते. निघताना आईंनी मला बजावलं होतं की दोघांना एकटं सोडायचं नाही. मी इतकी हुशार की बाकावर बरोबर मध्ये बसले. तू एका टोकाला, शाळेत चित्रकला शिकवणारे ते मास्तर दुसऱ्या टोकाला, आणि मधोमध मी, मोरपंखी साडीत, डाग आतल्या बाजूला घेऊन. त्यांनी तुला विचारलं की तुम्हाला काय आवडतं, तर उत्तर मी दिलं. तुला स्वयंपाक आवडतो असं सांगितलं. तुला स्वयंपाक अजिबात आवडत नव्हता. मग मी आमच्या दादरच्या गच्चीचं वर्णन केलं. ते मास्तर माझ्या पाठीमागून वाकून तुझ्याकडे बघायचे, तू माझ्या पदराआडून त्यांच्याकडे बघायचीस, आणि मला वाटत होतं माझं बोलणं रंगलंय.

मग तू पाणी प्यायला नळावर गेलीस. तेवढ्यात ते मला म्हणाले, अगदी शांतपणे, जणू मुलांना रंग कसा कालवायचा ते सांगताहेत, “आमच्या घरून नकाराचं पत्र येईल. आईला चष्मा चालणार नाही. ते मनावर घेऊ नका म्हणावं. मला त्या पसंत आहेत. येत्या गुरुवारी साडेपाचला मी इथेच बसेन. त्यांना यावंसं वाटलं तर त्यांनी यावं, पुढचं मी बघतो.”

मी हो म्हणाले. सांगते म्हणाले. तू नळावरून आलीस, हनुवटीवर पाण्याचे थेंब होते, आणि मला विचारलंस की काय म्हणत होते. मी म्हटलं, बसची चौकशी करत होते.

मंगळवारी कार्ड आलं. मुलीला चष्मा असल्याने योग दिसत नाही, अशी ओळ होती. तू ते उभ्याने वाचलंस, तोंड धुतलंस, आणि त्या दिवशी पोळ्या तू केल्यास, ज्या तू कधी करत नसायचीस. मी शेजारी बसून कणीक मळून देत होते. सांगायला एवढंसं वाक्य होतं. आणि भिंतीपलीकडे काकू होत्या. मी स्वतःला म्हटलं, घरात नको, उद्या बागेत नेऊन सांगू. आपला नियमच होता ना.

दुसऱ्या दिवशी नेलं नाही. कारणं मी खूप गोळा केली. आईंना कळलं तर त्या मला माहेरी धाडतील. मुलीने असं परस्पर भेटायला जाणं बरं दिसत नाही. मास्तरांचं काय खरं, पुरुषांचं बोलणं. यातलं एकही कारण माझं नव्हतं. माझं कारण फार साधं होतं. तू लग्न करून परळला गेलीस की त्या दोन खोल्यांत माझ्याशी भांडायला कोणी उरणार नव्हतं.

आणि गुरुवारी मी काय केलं ते ऐक. मी गेले. देवळात जाते सांगून एकटी बसने हँगिंग गार्डनला गेले. तिथे झुडपं कापून हत्ती केलेला असायचा ना, त्याच्या मागे उभी राहिले. मास्तर पाचलाच आले. इस्त्रीचा सदरा होता. ते बाकाच्या एका टोकाला बसले आणि मधे कोणी बसायचं नाहीये हे माहीत असल्यासारखी बाकीची सगळी जागा मोकळी ठेवली. रस्त्यावर चष्म्यातली कोणी मुलगी दिसली की अर्धे उठायचे. मी ठरवलं होतं की पुढे होऊन काहीतरी सांगेन, तू आजारी आहेस किंवा पुढच्या गुरुवारी येशील, काहीही. पाय हलले नाहीत. पायाला मुंग्या मात्र कडकडून चावल्या. माळ्याने शिट्टी फुंकली तेव्हा ते उठले, बाकाकडे एकदा बघितलं आणि उताराने निघून गेले. मी बसमध्ये पाय खाजवत आले आणि मनात म्हटलं, चला, झाली मला शिक्षा. मुंग्या चावल्या की फिटलं, एवढीच माझ्या पापाची कल्पना. वीस वर्षांची घोडी होते मी, कुसुम, लहान नव्हते.

नंतर आणखी दोन ठिकाणांहून नकार आले आणि तू जाहीर केलंस की आता हे बागेतले कार्यक्रम बंद. बागेत यापुढे फक्त भांडायला जाणार. थट्टा समजून सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तुझा भाऊ गेला त्या वर्षी राणीच्या बागेत पाणघोड्यासमोर मी सुरुवात केली होती. म्हटलं, कुसुम, मी एकदा तुझ्याशी फार वाईट वागले. तू म्हणालीस, एकदाच? आणि तुला इतकं हसू आलं की तुझा चष्मा घसरला, मग मलाही हसू आलं, आणि तो पाणघोडा बुडी मारून गेला. ते वाक्यही त्याच्याबरोबर बुडालं.

आणि मग पाच बागांमधली ती दुपार. तू साठीच्या पुढे गेली होतीस. कसलं तरी किरकोळ भांडण संपवून आपण बसलो होतो. समोरच्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी एका मुलाशी बोलत होती. तू बराच वेळ तिकडे बघून म्हणालीस, “तो परळचा मास्तर आठवतो? मला वाटलं होतं त्याला मी आवडले. बघत होता ना वाकून वाकून. नंतर कळलं, चष्मा कसा दिसतो ते बघत असणार. तेव्हापासून मी आरशात बघताना आधी चष्मा काढते. निम्मं दिसतं, तेवढं पुरतं.”

कुसुम, त्या क्षणी बाग होती, बाक होतं, शेजारी कोणी नव्हतं, नियमात बसेल असं सगळं होतं. मी फक्त म्हणायचं होतं की तो चष्मा बघत नव्हता, तुला बघत होता. मी काय म्हणाले? मी म्हणाले, सोड गं, त्याला आता टक्कल पडलं असेल. तू हसलीस. मी तुझ्या हसण्याच्या आड लपले, हत्तीच्या मागे लपले होते तशी.

लोक सांत्वन करायला येतात. प्राचीला मी तेराव्याच्या आदल्या दिवशी हे सगळं सांगितलं. चांगली मुलगी आहे. माझा हात धरून म्हणाली की आत्यांना कदाचित ठाऊक असेल, त्यांनी मनातच माफ केलं असेल. मी तिला म्हटलं, तू तिला ओळखत नाहीस. कुसुमला शाईचा डाग कोणी लपवला तरी चालत नसे. तिला कळलं असतं तर तिने मला त्याच दिवशी बसमध्ये कोंबून बोरिवलीला नेलं असतं, आणि आम्ही अंधार पडेपर्यंत घरी आलो नसतो. पुढची दहा वर्षं ती माझ्याशी बोलली नसती. ती बोलत राहिली, याचा अर्थ तिला ठाऊक नव्हतं.  

परवा एकटीच हँगिंग गार्डनला जाऊन आले. म्हटलं, तिथे बसून सांगून टाकू. मी बाकाच्या एका टोकाला बसले. पण मला रिकाम्या जागेशी बोलता येत नाही, नाटकातल्या बायकांना येतं. घसा खाकरला तेवढ्यात एक मुलगी आली आणि म्हणाली, आजी, फोटो काढायचाय, थोडं सरकता का. मी सरकले. मग उठलेच. फाटकाबाहेर काही न्यायचं नाही हा एक नियम मी कायम मोडत आले, आणि परवाही सगळं जसंच्या तसं घेऊन बाहेर पडले.

मला माफी नको होती गं. माझ्यासारखीला कशाला माफ करायचं? मला तू चिडायला हवी होतीस. तुझा तो आवाज, गच्चीचा उद्धार करणारा, तो एकदा या गोष्टीसाठी माझ्यावर चढायला हवा होता. तेवढंच एक भांडण खऱ्या कामाचं होतं, आणि तेच आपण भांडलो नाही. बाकी साड्या, लोणची, पडलेली फुलं, यांसाठी मुंबईतल्या सगळ्या बागा वापरून टाकल्या.

इस्पितळात पाचव्या दिवशी तुला जरासा उतार पडला होता. नळी नाकात होती, पण तू नर्सच्या वेणीकडे बघून माझ्या जुन्या वेण्यांची थट्टा केलीस. मला वाटलं आता सांगितलं नाही तर संपलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, “कुसुम, एक सांगायचं राहिलंय.”

तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. पंचावन्न वर्षं ते तोंड ओळखायची सवय तुला.

“भांडणाचं आहे?”

“आहे. मोठं आहे.”

“मग इथे नको,” म्हणालीस. श्वास घेतलास. “बरी झाले की बागेत बोलू.”

मला नियम मोडता आला असता. एक तर मी आयुष्यभर मोडलाच होता. पण तो एक, तेव्हा, मी पाळला, आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखंही वाटलं. तेवढ्यात ती नर्स सलाईन बघायला आली. तिने माझ्याकडे बोट करून तुला विचारलं की या कोण तुमच्या, रोज येऊन बसतात.

तू माझा हात शोधलास. चष्मा बाजूच्या टेबलावर होता, त्यामुळे तुला माझा चेहरा नीट दिसत नसणार.

“ही माझी वहिनी,” तिला म्हणालीस. “त्या घरात एकटी हीच माझ्याशी सरळ वागली. हिने माझ्यापासून कधी काही लपवलं नाही. जे असेल ते तोंडावर बोलली.”

नर्स माझ्याकडे बघून हसली आणि थांबली, मी काही म्हणेन म्हणून.

मी मान डोलावली.